फॉर्ममधले दोन रकाने आणि निजलेलं बाळ

ईदनंतरच्या आठवड्यात भाची घरी आली. सोबत शीरखुर्म्याचा डबा होताच, पण पदराखाली एक प्लास्टिकची फाइलही होती. आमच्या विजापूर वेशीतल्या घरात दुपारी सगळे आडवे झालेले असतात. ती वेळ बघूनच ती आली असावी. फाइल माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “मामू, तुम्ही इतकी वर्षं इतिहास शिकवलात. हे जरा वाचून सांगा.”

आत दवाखान्याचा फॉर्म होता. तिचे आणि जावयाचे दोन भ्रूण तीन वर्षांपासून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेले आहेत. जावई दम्मामला एसी दुरुस्तीचं काम करतो, वर्षातून पंचेचाळीस दिवस रजेवर येतो. पहिल्या खेपेला दोन भ्रूण गर्भाशयात सोडले, राहिले नाहीत. उरलेले दोन गोठवले. आता दवाखान्याने कागदपत्रं नव्याने भरायला सांगितली होती. नाव, पत्ता, आधार हे सगळं तिने भरलेलं होतं. दोन रकाने कोरे होते. पतीचा मृत्यू झाल्यास भ्रूणाचं काय करावं? पती-पत्नी विभक्त झाल्यास काय करावं?

“अम्मीजान म्हणतात, ये सब हराम है,” ती सासूबद्दल सांगत होती. “बाटलीत कुणाचं कुणाला जाईल, कळणार आहे का, म्हणतात. आणि...” ती थांबली. सासूने दुसऱ्या लग्नाचा विषय काढला होता. फाइलमधला जावयाचा रिपोर्ट मी पाहिला. कमतरता त्याच्याकडे होती. हे सासूला माहीत नव्हतं. तीन वर्षं ही मुलगी वांझपणाचे टोमणे ऐकत होती आणि रिपोर्ट कपाटात होता.

मला फुप्पी आठवली. अब्बांची थोरली बहीण. बिड्या वळून तिची बोटं पिवळी पडली होती. सहा वर्षं मूल झालं नाही, तेव्हा तिच्या नवऱ्याने दुसरा निकाह केला. दुसरीलाही झालं नाही. तिसऱ्या निकाहाची ऐपत नव्हती, म्हणून विषय तिथेच थांबला. त्या माणसाला कुणी कधी डॉक्टरकडे नेलं नाही. फुप्पी मात्र दर उरुसाला गुलबर्ग्याला बंदानवाजच्या दर्ग्यात जायची, जाळीला धागा बांधून यायची. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. घरात तिचा विषय निघाला की अम्मी एवढंच म्हणायची, “नसीब.”

म्हणून भाचीला मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. चार दिवस मागून घेतले. शोधताना जे हाती लागलं ते लिहितोय, कारण हा फॉर्म आता आपल्या बऱ्याच घरांत आलेला आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

म्हशीपासून सुरुवात

जिवंत पेशी गोठवण्याची गोष्ट सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गवळ्याला नवी नाही. पंढरपुरी म्हैस पाळणाऱ्याच्या दारात पशुवैद्यकाचा माणूस मोटरसायकलवर नायट्रोजनचा कॅन बांधून येतो, झाकण उघडलं की पांढरा धूर निघतो, त्यातून तो बारीक कांडी काढतो. सासूबाईंच्या माहेरी, मोहोळकडे, हे रोजचं आहे. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली सुरू केलेल्या बाएफ संस्थेने गोठवलेल्या रेताच्या कांड्या महाराष्ट्रभर पोचवल्या.

या विद्येचा पाया 1949 साली लंडनजवळच्या प्रयोगशाळेत घातला गेला, तोही निम्मा चुकून. ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांचे सहकारी कोंबड्याचं रेत गोठवून पाहत होते. साखरेचं द्रावण वापरूनही यश येत नव्हतं. एकदा मात्र पेशी जिवंत राहिल्या. शोध घेतला तेव्हा कळलं, बाटलीवरचं लेबल चुकलेलं होतं आणि आत साखर नव्हे, ग्लिसरीन होतं. गोठताना पेशीतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि ते आतून पेशी फाडतात. ग्लिसरीनसारखा पदार्थ पाण्याची जागा घेतो आणि ही फाडाफाड टाळतो. एवढं साधं तत्त्व आहे. 1972 साली उंदराचे भ्रूण याच तत्त्वावर गोठवून पुन्हा जिवंत करता आले. 1973 साली केंब्रिजला गोठवलेल्या भ्रूणातून वासरू जन्मलं.

उणे 196 अंश सेल्सिअसला पेशीतलं सगळं कामकाज थांबतं. ती वाढत नाही, म्हातारीही होत नाही. आणि या टाकीला वीज लागत नाही. नायट्रोजन हळूहळू उडून जातो, तो वेळोवेळी भरत राहावा लागतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44 वर जातो आणि लाइट जाते, म्हणून भाचीला रात्री झोप लागत नसे. ही एक गोष्ट मी तिला लगेच सांगून टाकली.

कलकत्त्याचा डॉक्टर

जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ लुईस ब्राउन, 25 जुलै 1978, इंग्लंडमधलं ओल्डहॅम. हे शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असतं. मीही मुलांना पाठ करायला लावलंय. त्यानंतर अवघ्या 70 दिवसांनी, 3 ऑक्टोबर 1978 ला कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. दुर्गापूजेचे दिवस, म्हणून तिचं नाव दुर्गा ठेवलं. हे मात्र मी कधी शिकवलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

तिच्या जन्मामागे होते डॉ. सुभाष मुखर्जी. जन्म 1931, हजारीबागचा. एक पीएचडी कलकत्त्याची, दुसरी एडिंबराची. सरकारी मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. मदतीला दोघे होते, गोठवण्याच्या शास्त्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य. बाहेरून पैसा नाही, मोठी यंत्रसामग्री नाही.

ओल्डहॅमच्या जोडीने, स्टेप्टो आणि एडवर्ड्‌स यांनी, बाईच्या नैसर्गिक चक्रात तयार होणारं एकच बीज घेतलं होतं. मुखर्जींनी औषधं देऊन एकाच वेळी जास्त बीजं तयार करवली. पण अशा औषधांनी त्या महिन्यात गर्भाशय भ्रूण धरायला तितकंसं योग्य राहत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग काय करायचं? भ्रूण थांबवून ठेवायचा, औषधाचा परिणाम ओसरू द्यायचा आणि पुढच्या एखाद्या नैसर्गिक चक्रात तो सोडायचा. त्यांनी डायमिथाइल सल्फॉक्साइड नावाचं रसायन वापरून भ्रूण गोठवला. तो 53 दिवस द्रवरूप नायट्रोजनमध्ये राहिला. मग वितळवून आईच्या पोटात ठेवला. त्याची दुर्गा झाली.

म्हणजे दुर्गा ही नुसती टेस्ट ट्यूब बाळ नव्हती. ती गोठवलेल्या भ्रूणातून जन्मली होती, आणि मुखर्जींचा दावा खरा धरला तर तशी ती जगातली पहिली. पाश्चात्त्य नोंदींत तो मान मेलबर्नच्या झोई लेलँडला आहे. तिचा जन्म 28 मार्च 1984 चा, साडेपाच वर्षांनंतरचा. मेलबर्नच्या ॲलन ट्राउन्सन यांच्या गटाने सुरुवातीला जे रसायन वापरलं तेही डायमिथाइल सल्फॉक्साइडच. आज जगभर, आपल्या सोलापुरातसुद्धा, डॉक्टर सांगतात की या महिन्यात नको, गोठवू आणि पुढच्या चक्रात सोडू. भाचीला तिच्या डॉक्टरीणबाईंनी हेच शब्द सांगितले होते. ही कल्पना बांकुरा-कलकत्ता अशा फेऱ्या मारणाऱ्या एका सरकारी मास्तराने 1978 साली अमलात आणली होती.

त्याचं बक्षीस काय मिळालं? राज्य सरकारने नोव्हेंबर 1978 मध्ये चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते रेडिओभौतिकीचे प्राध्यापक. या विषयात स्वतः काम केलेला एकही माणूस त्या समितीत नव्हता. समितीने दावा खोटा ठरवला. दुर्गाच्या आईबापांना समाजाची भीती, ते पुढे येईनात. 1979 च्या जानेवारीत मुखर्जींना जपानहून बोलावणं आलं, सरकारने जायला परवानगी नाकारली. 1981 साली त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली. हॉर्मोनवर आयुष्य घातलेला माणूस डोळ्यांच्या दवाखान्यात! त्याच वर्षी 19 जूनला त्यांनी राहत्या घरी जीव दिला. वय पन्नास.

आम्हा सोलापूरकरांना डॉक्टरवरचा सिनेमा म्हटलं की आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि शांताराम बापूंचा 1946 चा चित्रपट आठवतो. मुखर्जींवरही चित्रपट निघाला. रमापद चौधुरींच्या ‘अभिमन्यू’ कादंबरीवरून तपन सिन्हांनी केलेला ‘एक डॉक्टर की मौत’, 1990 सालचा. मी तो दूरदर्शनवर पाहिला होता. त्यातला डॉक्टर कुष्ठरोगाची लस शोधतो, त्यामुळे तो कुणावर बेतलाय हे मला या वयात कळलं.

परळमधला प्रामाणिकपणा

आता मुंबई. 6 ऑगस्ट 1986 ला परळच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा जन्मली. भारतातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब मुलगी. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्यासोबत परळच्याच इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं हे काम. कागद चोख, नोंदी चोख, त्यामुळे कुणाला बोट दाखवता आलं नाही. 2016 साली हर्षाला मुलगा झाला, तेव्हाही डॉक्टर हिंदुजाच होत्या.

केईएम महापालिकेचं आहे. तिथे रांगेत गिरणी कामगाराची बायको असते, आमच्या सोलापूरहून रात्रीच्या गाडीने गेलेली बिडी कामगारही असते. भारतातलं हे नवं पर्व सार्वजनिक दवाखान्यात सुरू झालं आणि नंतर जवळजवळ सगळंच खासगीत गेलं. आयुष्मान भारतमध्ये वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत. गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात 2023 मध्ये मोफत केंद्र सुरू झालं, हे ऐकून बरं वाटलं. माझ्या भाचीने मात्र दागिने मोडले, जावयाने कंपनीतून उचल घेतली, आणि आता भ्रूण ठेवण्याचं वर्षाचं भाडं भरायचा मेसेज मोबाइलवर येतो. तो जकातीच्या हिशेबाच्या दिवसांतच येतो, हा योगायोग. फुप्पीसारख्या बिड्या वळणाऱ्या बाईने आज काय करावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पण परळची खरी गोष्ट पुढेच आहे. 1997 साली आनंदकुमार एका परिषदेसाठी कलकत्त्याला गेले. तिथे मुखर्जींचे जुने कागद त्यांच्या हाती आले. त्यांनी ते बारकाईने वाचले, सुनीत मुखर्जींशी बोलले आणि त्यांची खात्री पटली. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी लिहून टाकलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचे शिल्पकार डॉ. सुभाष मुखर्जी आहेत. स्वतःच्या नावावर असलेला पहिलेपणाचा मान या माणसाने स्वतःच्या हाताने काढून दुसऱ्याला दिला, तोही सोळा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला. इतिहासाचा मास्तर म्हणून सांगतो, अशी उदाहरणं मला बोटांवर मोजण्याइतकीही सापडलेली नाहीत. दुर्गा, म्हणजे कनुप्रिया अग्रवाल, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी लोकांसमोर आली आणि तिने आपली ओळख सांगितली.

कैरोचा मुफ्ती आणि आपली किताबं

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येतो. हराम की हलाल?

मुखर्जींना इथे खोटारडं ठरवून दीड वर्ष झालं नव्हतं, तेव्हा कैरोत एक मुफ्ती हाच विषय गंभीरपणे घेऊन बसले होते. जादुल हक अली जादुल हक हे इजिप्तचे मुख्य मुफ्ती, पुढे अल-अझहरचे शेख झाले. 23 मार्च 1980 ला त्यांनी फतवा दिला. नवऱ्याचं बीज, बायकोचं बीज, लग्न कायम, तर शरीराबाहेर फलन करून बायकोच्याच पोटात ठेवणं जायज. तिसऱ्या माणसाचं बीज, तिसऱ्या बाईचं बीज किंवा पोट, नाजायज. आपल्याकडे फतवा म्हटलं की बंदी एवढंच डोळ्यांसमोर येतं. हा फतवा मुळात दार उघडणारा होता. काही वर्षांतच इजिप्त आणि सौदीमध्ये अशी केंद्रं सुरू झाली.

ऑक्टोबर 1986 मध्ये, म्हणजे हर्षा दोन महिन्यांची होती तेव्हा, इस्लामी देशांच्या संघटनेची फिकह अकादमी अम्मानला बसली. तिने उपचाराचे सात प्रकार मांडून पाच नाकारले आणि पती-पत्नीपुरते दोन मान्य केले. पूर्ण खबरदारी घेऊन, अशी अट घातली. मार्च 1990 च्या जेद्दाच्या बैठकीत उरलेल्या भ्रूणांचा प्रश्न आला. अकादमीचं म्हणणं असं की गरजेपुरतीच बीजं फळवावीत, उरू देऊ नयेत. उरलेच तर त्यांना वैद्यकीय देखभालीशिवाय सोडावं, आपोआप संपू द्यावं. दुसऱ्या बाईला कदापि देऊ नये.

हा ठराव गोठवण्याबाबत नाखूश आहे, हे मी भाचीपासून लपवलं नाही. पण त्यानंतर मुस्लिम देशांतल्या दवाखान्यांत त्याच जोडप्यासाठी, लग्न टिकून आहे तोवर, भ्रूण गोठवणं सर्रास चालतं आणि कित्येक आलिमांनी त्याला मुभा दिलेली आहे. इराणमध्ये तर 1999 साली खामेनेईंनी दात्याच्या बीजालाही वाट करून दिली. सुन्नी उलेमा त्यांच्यासोबत गेले नाहीत. म्हणजे मतं अनेक आहेत. पण सासूबाईंची खरी भीती, कुणाचं कुणाला जाण्याची, ही सगळ्यांचीच भीती आहे. त्याला नसबचा प्रश्न म्हणतात. मूल कुणाचं, हे स्पष्ट असलं पाहिजे. कुरआनने दत्तक मुलांनाही त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारायला सांगितलं, ते याच काळजीपोटी. त्यामुळे टाकीवरचं लेबल, दोघांची नावं, नोंदवही यांना धर्माच्या बाजूनेही वजन आहे. पोल्जच्या बाटलीवरचं लेबल चुकलं आणि शोध लागला. इथे चुकलं तर नसब जाईल. दवाखान्यात जाऊन नोंदी दाखवा म्हणायचा हक्क आहे, तो बजावा, असं मी तिला सांगितलं.

हे वाचता वाचता जुन्या किताबांत एक गोष्ट सापडली, तिने मला दोन रात्री झोपू दिलं नाही. गरोदरपण जास्तीत जास्त किती काळ चालू शकतं? आपल्या हनफी फुकहांनी दोन वर्षं सांगितली. आमचे कोकणातले भाऊ शाफई आहेत, त्यांच्याकडे चार वर्षं. मालिकी किताबांत चार, पाच, कुठे त्याहूनही जास्त. मोरोक्कोत तर लोक मानत आले की मूल आईच्या पोटात झोपी जातं, वर्षानुवर्षं निजून राहतं आणि एक दिवस जागं होतं. निजलेलं बाळ.

आजच्या डॉक्टरला हे हास्यास्पद वाटेल. मलाही आधी वाटलं. मग लक्षात आलं की हे वैद्यक नव्हतं, ही पनाह होती. नवरा मेला किंवा परदेशी गेला, वर्षाने बाई बाळंत झाली, तर तिच्यावर बदचलनीचा आरोप येऊ नये, मुलाला बापाचं नाव आणि वारसा मिळावा, म्हणून काझीने हातात ठेवलेली ही सवलत होती. बाईच्या बाजूने झुकलेली. इंग्रजांनी 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात ती 280 दिवसांवर आणली. इजिप्तने 1929 साली एक वर्षावर आणली. शास्त्र बरोबर झालं, पण दार अरुंद झालं.

आणि आता निजलेलं बाळ खरंच आहे. आईच्या पोटात नाही, स्टीलच्या टाकीत. 53 दिवस निजलेली दुर्गा. तीन वर्षं निजलेले माझ्या भाचीचे दोन. ज्या फुकहांनी पोटातल्या मुलासाठी बापाच्या मालमत्तेतला हिस्सा राखून ठेवायला सांगितला, त्यांनी टाकीतल्या मुलासाठी काय सांगितलं असतं? अकादम्यांचं म्हणणं स्पष्ट आहे. मृत्यूने किंवा तलाकने लग्न संपलं की वापर संपला.

हा प्रश्न हवेतला नाही. मारिओ आणि एल्सा रिओस नावाचं अमेरिकी जोडपं 1983 साली विमान अपघातात गेलं. त्यांचे दोन गोठवलेले भ्रूण मेलबर्नच्या रुग्णालयात होते. मागे मोठी मालमत्ता होती, म्हणून जगभरच्या वर्तमानपत्रांनी विचारलं की वारस कोण? भ्रूणांचं काय करावं, याची लेखी सूचना त्यांनी ठेवलेली नव्हती. फॉर्ममधला तो रकाना तिथून आलाय.

दहा वर्षं

आपल्याकडे 2021 चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा 25 जानेवारी 2022 पासून लागू झाला. मृत्यू किंवा असमर्थता आल्यास काय करायचं, याची लेखी सूचना घेतल्याशिवाय दवाखान्याला भ्रूण गोठवता येत नाही. विभक्त झाल्याचा रकाना भाचीच्या फॉर्मवर वेगळा आहे. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतो. त्यानंतर तो संपू द्यायचा, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. उपचारासाठी बाईचं वय 21 ते 50, पुरुषाचं 21 ते 55. भ्रूण विकणं गुन्हा आहे.

वयाच्या अटीवरून खटला झाला. काही जोडप्यांनी सरोगसीसाठी भ्रूण गोठवले होते आणि मध्येच नवा कायदा आला. त्यात सरोगसीची वेगळी वयोमर्यादा होती, त्यांचं वय ती ओलांडून गेलेलं. 9 ऑक्टोबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयात न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने सांगितलं की ज्यांनी कायदा लागू होण्याआधी भ्रूण गोठवले, त्यांना ही वयाची अट लावता येणार नाही. गोठवलेला भ्रूण म्हणजे सुरू झालेली वाटचाल, हे न्यायालयाने मानलं. भाचीला याचा थेट उपयोग नाही, ती चौतीसची आहे. पण मला तो निकाल वाचून जुने काझी आठवले.

चार दिवसांनी भाची आली. मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मामू, इतकं नको होतं.” मग हसली. दोन्ही रकान्यांत तिने एकच वाक्य लिहिलं, भ्रूण संपू द्यावेत. मरणाच्या रकान्यात लिहिताना हात थांबला होता. दम्मामला फोन लावला, जावयाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “हौ, वैसाच लिखो.”

मग मी फोन मागून घेतला आणि त्याला रिपोर्टबद्दल विचारलं. अम्मीला कोण सांगणार? बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, हे मामूचं काम नाही, बायकोचंही नाही. फुप्पीची गोष्ट त्याला सांगितली. तिच्या नवऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. तुला तर माहीत आहे.

जुम्याच्या दिवशी त्याने आईला फोन केला. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. रविवारी सकाळी विहीणबाई स्वतः आमच्या घरी आल्या. चहा घेतला नाही. सोफ्याच्या कडेला बसून मला म्हणाल्या, “भाईसाब, मेरेकू पैले कायकू नै बोले? तीन साल मैं उस बच्चीकू क्या क्या बोली.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खाली बघत राहिलो. मग उठताना त्यांनी विचारलं, “वो टाकी को लाइट लगती क्या?”

नाही लागत, मी सांगितलं. म्हशीच्या कांडीसारखंच. त्यांना ते लगेच समजलं.

जावयाची रजा पुढच्या महिन्यात सुरू होतेय. फॉर्मवर दोघांच्या सह्या हव्यात, म्हणून फाइल तोवर माझ्या कपाटात ठेवलीय.